एका डोळ्याने भूत, दुसऱ्याने दोरी : स्वस्तातले भयपट लोक एवढ्या आवडीने का बघतात?

2024च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या तिकीटबारीवर एक अजब गोष्ट घडली. 'जोकर'चा दुसरा भाग, बड्या स्टुडिओचा आणि कोट्यवधी डॉलर ओतलेला, लागून जेमतेम आठवडा झाला होता. त्याला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर आला 'टेरिफायर 3'. हा सिनेमा सुमारे 20 लाख डॉलरमध्ये, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याच्या खर्चात केलेला. त्यात आर्ट नावाचा मुका विदूषक काळ्या कचऱ्याच्या पिशवीत हत्यारं भरून हिंडतो आणि माणसं अशा रीतीने मारतो की त्याचं वर्णन मी इथे करणार नाही. फ्रान्सने तो 18 वर्षांखालच्यांना बघू दिला नाही. जगभर मिळून त्याने जवळपास 9 कोटी डॉलर कमावले.

बातमी वाचून ओळखीतल्या दोघातिघांनी मला एकच प्रश्न विचारला, 'अरे, असलं घाणेरडं लोक पैसे मोजून का बघतात? आणि तू का बघतोस?' मी असले सिनेमे शाळेत असल्यापासून बघत आलोय, आणि या प्रश्नाला 'आवडतं म्हणून' हे उत्तर पुरत नाही हे मला मान्य आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी तीन शब्द

पहिला 'कल्ट'. लागला तेव्हा पडलेला किंवा कुणी दखलही न घेतलेला, पण पुढे मूठभर चाहत्यांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा. हे चाहते तो पुन्हा पुन्हा बघतात, संवाद पाठ करतात, मध्यरात्रीच्या खेळाला गर्दी करतात.

दुसरा 'ट्रॅश'. स्वस्तातला आणि गबाळा सिनेमा. पुठ्ठ्याची भिंत हलते, रात्रीच्या प्रसंगात मध्येच ऊन दिसतं, नट पाठ केलेलं म्हणतो. चाहते हा शब्द शिवीसारखा वापरत नाहीत. आपण पोराला लाडाने 'गधड्या' म्हणतो, तसा वापरतात.

तिसरा 'गोर'. पडद्यावरचं रक्तमांस, तुटलेले अवयव, बाहेर आलेली आतडी. याची सुरुवात बहुतेक जण 1963च्या 'ब्लड फीस्ट'पासून धरतात. हर्शेल गॉर्डन लुईस नावाच्या माणसाने तो काढला, तेव्हा त्याचा विचार सरळ धंद्याचा होता : मोठे स्टुडिओ जे दाखवायला धजत नाहीत ते आपण दाखवू. पैसा नसलेल्या माणसाने ही एकच गल्ली मोकळी पाहिली आणि तिच्यात शिरला. पुढची साठ वर्षं या गल्लीत वर्दळ आहे.

शब्द झाले. आता मुद्दा.

पोरं संकासुराला चिडवतात कशी?

कोकणात शिमग्याला संकासूर दारात येतो. काळा पोशाख, तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगरं. अंगणातली लहान पोरं किंचाळून आईच्या पदराआड जातात. दोन मिनिटांनी तीच पोरं खांबामागून डोकं काढून त्याला चिडवतात, तो अंगावर आला की पुन्हा धूम ठोकतात. मुखवट्यामागे कोण आहे हे त्यातल्या थोरल्या पोराला चांगलं ठाऊक असतं. पायातल्या चपलेवरून त्याने ओळखलेलं असतं. तरी तो पळतो. खोटं खोटं पळत नाही, पोटात खरा गोळा येतो.

दशावतारातही तेच. देवळाच्या सभामंडपात एक बाकडं ठेवलं की तो इंद्राचा दरबार होतो. समोर बसलेल्यांना माहीत असतं की ही जी राणी आहे ती दुपारी विडी ओढत बसली होती. पण ती रडायला लागली की बायका डोळ्यांना पदर लावतात.

माणसाला असं दोन डोळ्यांनी बघता येतं. एक डोळा गोष्टीवर विश्वास ठेवतो, दुसरा डोळा तिची दोरी, मुखवटा, चप्पल बघत असतो. मोठ्या खर्चाचा सफाईदार सिनेमा दुसरा डोळा मिटायला लावतो. संगणकावर राक्षस इतका खरा करतात की दोरी शोधायची सोयच राहत नाही. स्वस्तातला भयपट मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवायला लावतो. भूतही दिसतं आणि भूत कसं केलंय तेही दिसतं. माझ्या मते या सिनेमांची सगळी गोडी इथे आहे. पुढे जे सांगणार आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

रामसे बंधूंचं घर आणि महाबळेश्वरची थंडी

परदेशातली उदाहरणं नंतर. ज्यांनी हे आपल्याकडे रुजवलं त्यांच्यापासून सुरुवात करायला हवी.

फतेहचंद रामसिंघानी यांचं फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचं दुकान होतं. इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी 'रामसिंघानी'चं 'रामसे' झालं आणि तेच आडनाव टिकलं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं. लॅमिंग्टन रोडला दुकान टाकलं, पुढे वडिलांनी सिनेमात पैसे घातले आणि बरेचसे बुडवले. 1970मध्ये त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' आपटला. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा आणि चिलखत घालून चोरी करायला शिरतात. तुलसी आणि श्याम या मुलांनी थिएटरात बसून प्रेक्षकांकडे पाहिलं, तर लोक त्या एका प्रसंगाला शहारत होते आणि बाकी सिनेमाभर कंटाळत होते. मुलांनी वडिलांना सांगितलं की अख्खा सिनेमाच त्या प्रसंगासारखा करू.

तो सिनेमा म्हणजे 1972चा 'दो गज़ ज़मीन के नीचे'. सेट लावायला पैसे नव्हते, म्हणून माणसं बसमध्ये भरून महाबळेश्वरला नेली. सरकारी विश्रामगृहात मुक्काम. साधारण 40 दिवसांत आणि साडेतीन लाख रुपयांच्या आसपास काम उरकलं. सात भाऊ : कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, केशू आणि अर्जुन उरलेल्या सगळ्यावर. घरातल्या बायका युनिटचा स्वयंपाक बघत. एखाद्या घरात दिवाळीचा फराळ होतो ना, कुणी चकल्या पाडतंय, कुणी तळतंय, कुणी डबे भरतंय, तसा हा सिनेमा झाला.

सिनेमा बघताना हे कळतं. वाडा खरा आहे, धुकं खरं आहे, थंडीने नटीच्या तोंडातून निघणारी वाफही खरी आहे. खोटं फक्त भूत आहे. महाबळेश्वरचं ते धुकं कुठल्याही स्टुडिओला विकत मिळालं नसतं.

1984चा 'पुराना मंदिर' हा त्यांचा सगळ्यात गाजलेला. सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवून ते एका पेटीत बंद केलंय, धड दुसरीकडे देवळापाशी पुरलंय, आणि कुणीतरी पेटी उघडणार हे आपल्याला पहिल्या पंधरा मिनिटांतच कळतं. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल शिकलेले इंजिनिअर. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण अशी की मेकअपवर फार खर्च करायची गरजच पडली नाही. मधूनच सिनेमा भुताला बाजूला ठेवतो आणि जगदीप 'शोले'ची नक्कल करत येतो. परदेशी प्रेक्षक इथे गोंधळतात. आपल्याला ते नवं नाही. वग रंगात आलेला असताना सोंगाड्या घुसतो, हसवतो, निघून जातो, आणि वग पुन्हा सुरू होतो. ज्या प्रेक्षकाने दिवसभर राबून तिकीट काढलंय, त्याला एकाच तिकिटात भीती, गाणं, मारामारी आणि हसू सगळं हवं होतं. रामसेंना तो प्रेक्षक माहीत होता. तालुक्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये काय चालतं हे त्यांना मुंबईच्या समीक्षकांपेक्षा कितीतरी जास्त कळत होतं.

1993मध्ये त्यांनी 'ज़ी हॉरर शो' आणला आणि सामरीचे भाऊबंद थेट दिवाणखान्यात आले. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना त्याचं सुरुवातीचं संगीत ऐकलं की आजही बाथरूमला एकट्याने जावंसं वाटत नाही.

पैसा नाही म्हणून जे सुचलं

आक्षेप पहिला : स्वस्त म्हणजे वाईटच ना?

स्वस्त म्हणजे अडचण. अडचणीत माणसाचं डोकं चालतं किंवा चालत नाही. दोन्ही बघण्यासारखं असतं.

1979च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मॉरिसटाउनजवळ जंगलातल्या एका पडक्या खोपटात काही विशीतली पोरं 'द ईव्हिल डेड' करायला जमली. दिग्दर्शक सॅम रेमी तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. गोष्टीत एक अदृश्य शक्ती जंगलातून सुसाट येते. ती दाखवायची कशी? कॅमेरा गुळगुळीत पळवायचं यंत्र त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी एका लांब फळीच्या मधोमध कॅमेरा ठोकला, फळीचं एकेक टोक दोघांनी धरलं आणि झाडाझुडपांतून पळत सुटले. फळी लांब असल्याने धक्के मधोमध येईपर्यंत सौम्य होतात, आणि कॅमेरा जमिनीलगत असा तरंगत येतो की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. दोन माणसं आणि एक फळी, एवढाच त्या भुताचा खर्च.

रक्त म्हणजे मक्याचा पाक, खायचा लाल रंग आणि त्याला दाटपणा यावा म्हणून कॉफीत घालायची पावडर. नायक ब्रूस कॅम्पबेलने सांगितलंय की शर्टावरचा पाक इतका कडक वाळला की शर्ट शेकोटीपाशी ठेवून घालायला गेल्यावर तो मोडला. हे एकदा कळलं की तो सिनेमा पुन्हा बघताना तुम्हाला थंडीने काकडलेली, पाकाने चिकट झालेली ती पोरं दिसायला लागतात. भीती कमी होत नाही. माया वाढते.

त्याआधी 1968मध्ये पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरोने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. खर्च साधारण 1 लाख 14 हजार डॉलर. सिनेमा कृष्णधवल, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक चालून गेला. आज जगभर जे झोंबीचे, म्हणजे उठून चालणाऱ्या मुडद्यांचे, सिनेमे आणि मालिका दिसतात, त्या सगळ्यांचं मूळ हे. वितरकाने ऐन वेळी नाव बदललं आणि नव्या नावासोबत स्वामित्वहक्काची ओळ टाकायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार ती ओळ नसली तर हक्क गेला. सिनेमा सगळ्यांचा झाला आणि कुणालाही फुकट दाखवता येऊ लागला. करणाऱ्यांचं मोठं नुकसान झालं, पण त्याच चुकीमुळे तो घराघरांत पोचला.

आणि जे खरोखरच फसलेले आहेत त्यांचं काय?

रोमेरो आणि रेमी हुशार होते, त्यांचं कौतुक कुणीही करेल. पण ज्यांना धड काहीच जमलं नाही ते सिनेमेही लोक प्रेमाने बघतात. ते कशासाठी?

एड वुडचा 'प्लॅन 9 फ्रॉम आउटर स्पेस' घ्या. परग्रहावरचे लोक मेलेल्या माणसांना उठवतात अशी गोष्ट. ड्रॅक्युलाच्या भूमिकेने गाजलेले बेला लुगोसी म्हातारपणी गरिबीत दिवस काढत होते. वुडने त्यांचं थोडं चित्रण केलं, आणि 1956च्या ऑगस्टमध्ये लुगोसी वारले. हाताशी उरली मोजकी काही मिनिटं. वुडने काय करावं? बायकोच्या ओळखीतला, हाडं बसवून देणारा एक वैद्य आणला, त्याला लुगोसींचा काळा झगा घातला आणि हाताने तोंडावर झगा धरून चालायला लावला. तो लुगोसींपेक्षा चांगलाच उंच आहे. सिनेमाभर हा उंच माणूस तोंड लपवत स्मशानात फिरतो आणि तो म्हणजे लुगोसीच असं आपण मानायचं.

1980मध्ये एका पुस्तकात वाचकांच्या मतांवरून याला आजवरचा सगळ्यात वाईट सिनेमा ठरवलं गेलं आणि तेव्हापासून लोक तो हसायला म्हणून बघू लागले. मीही पहिल्यांदा हसायलाच बसलो होतो. दुसऱ्यांदा बघताना त्या झग्याच्या प्रसंगाला माझा घसा दाटला. आपल्या मेलेल्या मित्राचा शेवटचा सिनेमा पुरा करायचाच म्हणून एक माणूस काय काय करतोय! पैसे नाहीत, कसब नाही, नट जिवंत नाही, आणि तरी हा थांबत नाही.

हसण्याचे दोन प्रकार आहेत हे इथे लक्षात येतं. वरून खाली बघून हसणं, आणि जवळ बसून हसणं. गॅदरिंगमध्ये शिवाजी झालेल्या पोराची मिशी निघाली तर आई हसते आणि त्याच क्षणी तिला त्याला कुशीत घ्यावंसंही वाटतं. तिचं हसणं जवळचं आहे. जाणूनबुजून वाईट केलेल्या सिनेमांत हे होत नाही. 'बघा आम्ही किती टुकार' असं म्हणत काढलेले सिनेमे हल्ली बरेच येतात आणि मला ते पाच मिनिटांत कंटाळवाणे वाटतात. मिशी मुद्दाम पाडली तर कुणाला माया येणार?

असले सिनेमे बघणाऱ्यांना चांगल्या-वाईटातला फरक कळत नाही असा एक समज आहे. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या दोन संशोधकांनी, कायवान सारखोश आणि विन्फ्रीड मेनिंगहाउस यांनी, 2016मध्ये ट्रॅश सिनेमांच्या चाहत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निघालं उलटंच. हे चाहते सरासरीपेक्षा जास्त शिकलेले होते आणि 'उच्च' मानली जाणारी कलाही तितक्याच आवडीने बघणारे होते. कुमार गंधर्वही ऐकणारा आणि गल्लीतल्या बेंजो पार्टीपुढे नाचणारा माणूस आपल्याला नवा नाही. हे त्यातलेच.

रक्तामांसाची गोडी कसली?

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. ज्यात अक्षरशः आतडी बाहेर येतात ते बघून कुणाला बरं कसं वाटतं?

ठेचा आठवा. लवंगी मिरचीचा, पाट्यावर वाटलेला. पहिल्या घासाला कान गरम होतात, नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं. शरीर ओरडून सांगत असतं की जीभ जळतेय, थुंक. आणि हात पुढचा तुकडा मोडत असतो. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच विषय घेतला. शरीर धोक्याची घंटा वाजवतंय, पण मनाला ठाऊक आहे की धोका नाही. या दोघांतली ही तफावतच सुखाची असते, असं त्याने 2013मध्ये सहकाऱ्यांबरोबर मांडलं. तिखट खाणं, आकाशपाळण्यात बसणं, रडवणारी गोष्ट ऐकणं, किळसवाणं बघणं, सगळं एकाच पंगतीतलं.

पण ठेच्याचंही प्रमाण असतं. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या लोकांनी वायले इथल्या एका 'भूतघरा'त 110 जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून सोडलं आणि निष्कर्ष 2020मध्ये छापले. फार थोडं घाबरलेल्यांना मजा आली नाही, फार जास्त घाबरलेल्यांनाही नाही. मधल्या टप्प्यावरच्यांना सगळ्यात जास्त आली. प्रत्येकाचा टप्पा वेगळा. म्हणून 'तुला हे बघवतं कसं?' या प्रश्नाचं खरं उत्तर 'तुला दोन मिरच्या चालतात, मला पाच' एवढं साधं असू शकतं.

आपल्याकडे यावर फार पूर्वी विचार झालाय. भरतमुनींनी शृंगार आणि वीरासोबत भयानक आणि बीभत्स यांनाही रसांच्या पंगतीत पाट मांडून दिला. अभिनवगुप्तांनी भयानक रस समजावताना 'शाकुंतला'तलं हरिण घेतलं : दुष्यंताचा बाण पाठीशी, मान वळवून मागे बघत पळणारं. बघणाऱ्याला जे वाटतं ते 'मी घाबरलोय' असं नसतं आणि 'ते बिचारं हरिण घाबरलंय' असंही नसतं, असं ते म्हणतात. भीती कुणा एकाची उरत नाही, सुटी होते, आणि म्हणून तिची चव घेता येते. वर मी ज्याला दुसरा डोळा म्हटलं, त्याचंच हे काम आहे. तो उघडा असतो म्हणून पहिल्या डोळ्याला भयंकर ते बघता येतं.

असलं बघून माणूस निबर होत नाही का?

ही भीती जुनी आहे. 1980च्या दशकात ब्रिटनमध्ये घरोघरी व्हिडिओ आले आणि त्याबरोबर स्वस्तातले भयपटही. वर्तमानपत्रांनी हाकाटी केली, पोलिसांनी दुकानांतून कॅसेटी जप्त केल्या. खटल्याला पात्र ठरतील अशा सिनेमांच्या सरकारी याद्या निघाल्या. एकूण 72 नावं त्यांत येऊन गेली. 1984मध्ये व्हिडिओसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या यादीत 'द ईव्हिल डेड'सुद्धा होता. तोच सिनेमा 2001मध्ये ब्रिटनमध्ये एकही कट न लावता प्रौढांसाठी मंजूर झाला. मधल्या काळात सिनेमा बदलला नव्हता.

2020मध्ये करोनाची पहिली लाट असताना अमेरिकेतल्या तीनशेहून अधिक लोकांची पाहणी झाली. भयपटांचे चाहते इतरांच्या मानाने कमी खचलेले आढळले. यावरून 'भयपट बघा, धीट व्हा' असं मी म्हणणार नाही. मुळात धीट माणसंच भयपटांकडे वळत असतील. पण हे चाहते कोडगे किंवा विकृत असतात, या समजाला मात्र त्यातून काही आधार मिळत नाही.

लहान मुलांची गोष्ट निराळी. दुसरा डोळा जन्मजात नसतो, तो वयाने उघडतो. चार वर्षांच्या पोराला मुखवट्यामागची चप्पल दिसत नाही, त्याच्यासाठी संकासूर खराच असतो. 2023च्या दुरुस्तीनंतर आपल्या सेन्सॉर प्रमाणपत्रांत 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे आले, ते मला योग्य वाटतात. घरी मोबाइलवर कोण काय बघतंय याला मात्र प्रमाणपत्र पुरत नाही, तिथे घरच्यांनीच लक्ष घालावं लागतं.

मग सगळंच चालतं का?

नाही. आणि इथे मी चाहत्यांशीही भांडतो.

1980मध्ये इटलीच्या रुग्गेरो देओदातोने 'कॅनिबल होलोकॉस्ट' काढला. ॲमेझॉनच्या जंगलात हरवलेल्या चित्रीकरण चमूची रिळं सापडतात आणि त्यांत काय आहे ते आपण बघतो, अशी रचना. ते इतकं खरं वाटलं की सिनेमा जप्त झाला आणि दिग्दर्शकावर नटांचा खून केल्याचा संशय आला. नटांना वर्षभर कुठेही दिसायचं नाही अशी अट त्यानेच घातली होती. आता त्यांना शोधून हजर करावं लागलं. सुळावर चढवलेल्या बाईचं दृश्य कसं केलं हेही त्याला समजावून सांगावं लागलं : लोखंडी खांबाला सायकलची सीट बसवली, नटी तिच्यावर बसली आणि हलक्या लाकडाचा टोकदार तुकडा दातांत धरून वर बघत राहिली. हा भाग ऐकला की कारागिराला दाद द्यावीशी वाटते.

पण त्याच सिनेमात खरी जनावरं मारली आहेत. कासव, माकड आणि आणखी काही. तिथे सायकलची सीट नाही. दुसरा डोळा दोरी शोधतो आणि त्याला दोरी सापडत नाही, कारण समोर जे तडफडतंय ते खरंच मरतंय. मी तो सिनेमा एकदा पाहिला आणि कासवाच्या प्रसंगाला बंद केला. पुन्हा लावला नाही. 'काळ तसा होता' हे समर्थन मला पटत नाही. खोट्या रक्ताच्या कितीही बादल्या ओता, मी बसेन. जिथे कुणाला खरी इजा झाली, माणसाला किंवा जनावराला, तिथे तो खेळ उरत नाही.

बायकांच्या बाबतीतही हे बोललं पाहिजे. रामसेंच्या सिनेमांत नटी न्हाणीघरात जाते ती कथेची गरज म्हणून जात नाही, तिकीटबारीची गरज म्हणून जाते. परदेशी सिनेमांत मरणाऱ्या पोरींवर कॅमेरा जसा रेंगाळतो तसा मरणाऱ्या पोरांवर रेंगाळत नाही. हे मला खटकतं आणि आवडीखातर मी त्याच्याकडे डोळेझाक करणार नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने 1987मध्ये दाखवून दिलं की या सिनेमांत शेवटी मारेकऱ्याला तोंड देऊन जिवंत उरते ती बहुतेकदा एक मुलगीच, आणि थिएटरातले तरुण पुरुष अखेरीस तिच्या बाजूने श्वास रोखून बसलेले असतात. त्या काळच्या मोठ्या, प्रतिष्ठित सिनेमांत एवढं धैर्य किती नायिकांच्या वाट्याला आलं होतं?

बघायचं झालं तर

एकट्याने रात्री कानात हेडफोन घालून सुरुवात करू नका. हे सिनेमे माणसांच्या गर्दीसाठी केलेले आहेत. चारपाच जण जमवा, खायला काहीतरी ठेवा, मध्ये बोलायची मुभा द्या. 'पुराना मंदिर'पासून सुरू करा, मग 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', तो कुठेही फुकट मिळतो. 'द ईव्हिल डेड' तिसरा, आणि जंगलातून काहीतरी सुसाट येऊ लागलं की ती फळी आठवा. 'टेरिफायर'च्या वाटेला पोट घट्ट असेल तरच जा. नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

मी 'पुराना मंदिर' पहिल्यांदा पाहिला तो चाळीत, गणपतीत. वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता, रात्रभरात तीन कॅसेटी. सामरीच्या सिनेमाचा नंबर लागला तेव्हा दोन वाजून गेले होते. आम्ही पोरं सतरंजीवर एकमेकांना चिकटून. पेटी उघडायची वेळ आली तेव्हा मागून आजी मोठ्याने म्हणाली, 'अरे, एवढी मौल्यवान पेटी, साधं धड कुलूप नाही का रे मिळालं यांना?' अख्खी गॅलरी हसली. आणि पेटी उघडल्यावर अख्खी गॅलरी किंचाळली, आजीसकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जिन्याखाली सिनेमा केला. कुणाच्या तरी घरातली रिकामी ट्रंक आणली, तिचा तळ गंजून आधीच गेलेला होता. ती दोन स्टुलांवर ठेवली, खाली काळी घोंगडी सोडली आणि धाकट्या चुलतभावाला त्या घोंगडीत असं बसवलं की ट्रंकेत फक्त त्याचं मुंडकं दिसेल. तोंडाला कुंकू आणि काजळ. दहा पैसे तिकीट. झाकण उघडायचं काम माझ्याकडे होतं. पाण्याला निघालेल्या शेजारच्या काकू पहिल्या गिऱ्हाईक. झाकण उघडलं, भावाने डोळे फिरवले, काकूंच्या हातातली कळशी सुटून तीन पायऱ्या घरंगळत गेली. मग त्यांनी वाकून घोंगडी वर केली, त्याचे उघडे पाय पाहिले, पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, 'थांबा, झाकण लावा, ह्यांना घेऊन येते.'